सात कुणाचा, बारा कुणाचा?

दर चार महिन्यांनी पिंपरीतल्या आमच्या गल्लीत चार-पाच जणांच्या मोबाइलवर एकच मेसेज येतो: पीएम किसानचे दोन हजार जमा. त्यातले एक जण भोसरीत लेथ चालवतात, दुसरे रोज कंपनीच्या बसनं चाकणला जातात. शेत गावाकडं, आणि ते कसणारा वेगळाच. यात बेकायदा काही नाही. योजनेच्या लेखी शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर शेती आहे तो. ही व्याख्या कुठून आली, हे पाहायला जवळपास दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी रयतवारी मोजणीची नवी पद्धत याच तालुक्यातून सुरू केली. शेताची मोजणी, जमिनीची प्रत, ठरलेला सारा आणि तो भरणाऱ्याचं नाव. सरकारला माहिती हवी होती ती वसुलीसाठी. पुढं १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली आणि हळूहळू आजचा सातबारा घडला. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो तिच्यात काय पिकलं. घेण्यासाठी केलेली यादीच आता देण्याची यादी झाली आहे.

मधे एकदा कसणाऱ्याची बाजू वर आली होती. १९४८ च्या कूळकायद्यात पुढं दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळाला जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं. अनेक कुळं मालक झाली. पण मालकांनी त्यातून धडा घेतला तो असा, की कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊच द्यायचं नाही. बटई तोंडी झाली. कसणाऱ्यासाठी केलेल्या कायद्याच्या धास्तीनं पुढचा कसणारा कागदावरून गेला.

२४ फेब्रुवारी २०१९ ला पीएम किसान सुरू झाली तेव्हा हाच कागद हाती होता. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती, काही महिन्यांत तीही गेली. वर्षाला सहा हजार, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे आणखी सहा. बटईदाराला यातलं काही नाही. दुसरी वाट नव्हती असं नाही. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीनांना जागा होती. आंध्रच्या रयतू भरोसामध्ये दलित, आदिवासी, मागास आणि अल्पसंख्याक खंडकरी धरले होते.

आता माझ्या घरातलं सांगतो. अब्बांच्या सहा एकरांवर आज माझं एकट्याचं नाव आहे. मी आयकर भरतो, म्हणून अपात्र. ते योग्यच आहे. तिथं ज्वारी पेरणारे काका वीस वर्षं अर्धलीनं करतात, त्यांचं नाव कुठंच नाही. आणि आपा. आम्ही दोघंच भावंडं. सूरह निसाप्रमाणे दोन एकर तिचे. अब्बांच्या इंतकालनंतर तिनं हक्कसोडपत्रावर सही केली, तिला कार्यालयात घेऊन गेलो तो मीच. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. त्याची गरजच पडली नाही, गावचा रिवाज पुरला. आपा आज विधवा आहे, शिलाईवर घर चालवते. सातवर नाव असतं तर वर्षाचे बारा हजार तिच्या खात्यात आले असते.

आपाचे दोन एकर तिच्या नावावर करायचं ठरवलं आहे. हप्ता मिळो न मिळो, जमीन तिची आहे. काकांचं मात्र अजून जमत नाही. त्यांच्याशी लेखी करार करायचा म्हटलं की हात थांबतो. १९५७ ची ती धास्ती माझ्याही घरात आहे. सरकारला जाब विचारण्याआधी तिच्याशी मला निपटावं लागेल.