तारेच्या टोकाचा इतिहास

पेसमेकर बसवलेला रुग्ण आला की मी दोन गोष्टी आधी बघतो: तारेचं टोक हृदयात नेमकं कुठे टेकवलं आहे, आणि दिवसभरातले किती ठोके यंत्राचे आहेत. शहाद्यात फिजिशियन म्हणून काम करताना ही सवय लागली. कातडीखालची डबी कुणाच्याही हाताला लागते, बॅटरी किती वर्षं चालेल हेही सगळे विचारतात. तारेच्या टोकाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मला वाटतं, पेसमेकरचा खरा इतिहास त्या टोकाचाच आहे.

हृदयातली विजेची वाट पेसमेकरच्या कितीतरी आधी सापडली होती. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस यांनी वरच्या कप्प्यांतून खाली उतरणारा तंतूंचा जुडगा दाखवला. १९०६ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरांनी त्याच्या डाव्या-उजव्या फांद्यांपर्यंतचा सगळा मार्ग मांडला. या वाटेने संदेश आला की खालचे दोन्ही कप्पे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत एकजुटीने आवळतात. वाट सोडून स्नायूलाच बाहेरून चेतवलं तर हृदयाचा जोर घटतो, हे १९२५ मध्ये कार्ल विगर्स यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

पण १९५८ साली प्रश्न जोराचा नव्हता, जीव वाचवण्याचा होता. ८ ऑक्टोबरला स्टॉकहोममध्ये शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी अभियंते रूने एल्मक्विस्ट यांचं यंत्र आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलं. त्यासाठी छाती उघडून तारा हृदयाच्या बाहेरच्या अंगाला जोडाव्या लागल्या. पहिलं यंत्र काही तासच चाललं, पण पुढची यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. त्याच १९५८ मध्ये न्यूयॉर्कला सेमूर फर्मन यांनी शिरेतून तार उजव्या खालच्या कप्प्यात नेली आणि छाती उघडण्याची गरज संपवली. त्या कप्प्याच्या तळटोकाशी स्नायूंच्या जाळीत तार पक्की अडकते आणि सहसा निसटत नाही. म्हणून पुढची चाळीस वर्षं तीच जागा रूढ झाली.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र तारेच्या जागेआधी यंत्र मिळवण्याचाच प्रश्न असायचा. हार्ट ब्लॉकचा, म्हणजे हृदयातली विजेची वाट अडलेला रुग्ण धडगावच्या पाड्यावर चक्कर येऊन पडला की आधी जीपने घाट उतरायचा, मग ताप्ती लाइनच्या गाडीने सुरत गाठायची, नाहीतर धुळे किंवा नाशिक. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये धुळ्यासह आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये आमच्यापर्यंत पोहोचली. तिचीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. अशा वाटेने जाऊन पेसमेकर मिळाला की घरच्यांच्या लेखी आजार संपला, असंच होतं.

तालुक्यातले एक आजोबा असेच आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पेसमेकरचं पिवळं पडलेलं कार्ड. "डाक्टर साहेब, मशीन चालू शे, पन दम लागस." मुलगा म्हणाला, वय झालं आता. ईसीजीत प्रत्येक ठोक्याआधी यंत्राची उभी रेघ होती आणि मागे रुंद, पसरट लाट. इकोत दोन कप्प्यांमधला पडदा आधी आवळत होता, डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत मागाहून. यंत्र बसवण्याआधीच्या कागदांवर हृदयाची पंपिंग क्षमता ६० टक्के होती. आता ती ३५ वर आली होती.

पाटाने सोडलेलं पाणी सगळ्या वाफ्यांत वेळेवर पोहोचतं; तेच बांध फोडून सोडलं तर जवळचा वाफा तुडुंब भरतो आणि लांबचा वाट बघत राहतो. कप्प्याच्या तळटोकाशी दिलेला विजेचा झटका स्नायूतून असाच सावकाश पसरतो. वर्षानुवर्षं हे चाललं की काही रुग्णांत डावा कप्पा फुगतो, झडप गळू लागते, पाय सुजतात.

याचे पुरावे या शतकात जमा झाले. २००२ च्या डेव्हिड अभ्यासात हृदय आधीच दुबळं असलेले, पण पेसिंगची, म्हणजे यंत्राने ठोके देण्याची, गरज नसलेले ५०६ रुग्ण होते. त्यांतल्या सतत पेसिंग मिळालेल्या गटाची प्रकृती अधिक बिघडली. २००९ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दोन्ही कप्प्यांना तार जोडून तुलना केली. वर्षभरानंतर त्या गटाची पंपिंग क्षमता ६२ टक्के होती, तर फक्त तळटोकाशी तार असलेल्यांची ५५. तळटोकाऐवजी पडद्यावर वरच्या बाजूला तार लावूनही पाहिलं गेलं, पण त्याने ठोस फरक दिसला नाही.

मग वैद्यक पुन्हा हिस आणि तावारांच्या वाटेकडे वळलं. २००० मध्ये अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी थेट हिसच्या जुडग्यावर कायमची तार बसवून दाखवली. मात्र ती जागा सापडायला कठीण, आणि तिथे वीज जास्त लागत असल्याने बॅटरी लवकर उतरायची. २०१७ मध्ये चीनच्या हुआंग वेइजियान यांनी पडद्यातून स्क्रूसारखी तार आत नेऊन डावी फांदी गाठली. तिथे कमी विजेवर काम भागतं आणि लाट अरुंद राहते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हृदयाच्या नैसर्गिक वाटेने पेसिंग करण्याला मानाचं स्थान मिळालं. त्या आजोबांची तारही पुढे डाव्या फांदीवर गेली, आणि आता ते बांधावर जाऊन येतात.

तळटोकाशी तार असलेले असंख्य लोक वीस-वीस वर्षं ठणठणीत आहेत, तेव्हा कुणी घाबरून जाऊ नये. पण घरात पेसमेकरवाला माणूस असेल तर त्याचं कार्ड जपा, वर्षातून एकदा यंत्राची तपासणी आणि इको करून घ्या, आणि यंत्राचे ठोके किती टक्के आहेत ते विचारा. दम लागू लागला तर वयाला दोष देऊन गप्प बसू नका. आणि ज्यांचा पेसमेकर अजून बसायचा आहे, त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावं: तार कुठे लावणार?