कराची परदेश कधी झाली?

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत आफ्रिकेला, कुवेतला किंवा लंडनला गेलेल्या माणसाविषयी बोलताना "तो परदेशी असतो" असे म्हणतात. कराचीला गेलेल्याविषयी मात्र जुनी माणसे नुसते "कराचीला असतो" एवढेच म्हणत. जसे कोणी मुंबईला असतो, कोणी पुण्याला असतो, तसेच. बाहेरच्या माणसाला हे ऐकून संशय येतो आणि आम्हाला खुलासे करावे लागतात. पण या बोलण्यामागे कोणतेही राजकारण नाही, इतिहास आहे. तो आम्हीच नीट सांगितलेला नाही, म्हणून तो येथे मांडत आहोत.

इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ साली सिंधचा वेगळा प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, रत्नागिरी आणि कराची हे एकाच इलाख्यातले जिल्हे होते. सरकारी नोकरांच्या बदल्या मुंबईच्या हुकमाने तेथे होत. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, आणि ते आजही तसेच आहे. कोकणातला मुसलमान तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेला. खलाशी, सारंग, गोदीतला कामगार म्हणून तो जसा मुंबई बंदरात शिरला, तसाच कराची बंदरातही शिरला. मुंबईहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी वाटेत कराचीला थांबत. बोटीचे तिकीट काढले की माणूस कराचीला उतरे. दुसऱ्या कागदाची गरज नव्हती.

तेव्हा १९४७च्या ऑगस्टमध्ये अनेक घरांत एक भाऊ मुंबईच्या गोदीत होता आणि दुसरा कराचीच्या. फाळणीच्या गदारोळात काही कोकणी कुटुंबे विचारपूर्वक तिकडे गेली, हे खरे आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण पुष्कळ माणसे कोठेही गेली नाहीत. नोकरी जेथे होती तेथे ती राहिली, आणि सरहद्द त्यांच्यामधून गेली.

ही सरहद्द एका रात्रीत उभी राहिली असे आपण समजतो. नात्यागोत्याच्या दृष्टीने पाहिले तर ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. पहिला टप्पा १९४८च्या जुलैचा. पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांसाठी परमिट सक्तीचे झाले, आणि त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसाच नियम केला. तात्पुरत्या भेटीचे परमिट वेगळे, कायम वास्तव्यासाठी परतण्याचे वेगळे. आईला भेटायला निघालेल्या माणसाने कोणता कागद मागितला यावर त्याचा देश कोणता हे ठरू लागले. पुढे आपल्या राज्यघटनेच्या सातव्या कलमाने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना नागरिकत्व नाकारले. अपवाद फक्त कायम वास्तव्याच्या परमिटवर परतलेल्यांचा होता. त्यामुळे कोणी भावाकडे चार महिने राहिला, तर ती भेट होती की स्थलांतर होते, हा प्रश्न कोर्टात जाऊ लागला. आमच्या समाजात त्यापूर्वी पाहुणा किती दिवस राहिला हे कोणी मोजत नसे.

दुसरा टप्पा ऑक्टोबर १९५२चा. परमिट जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले. फक्त या दोन देशांपुरते चालणारे 'भारत-पाकिस्तान पासपोर्ट' नावाचे स्वतंत्र पुस्तक निघाले. येथे अनेकांची फसगत झाली. कराचीत अडकलेल्या काही माणसांनी घरी परतण्याचा सोपा मार्ग म्हणून पाकिस्तानी पासपोर्ट काढला. तो काढताना आपण राष्ट्रीयत्व बदलत आहोत याची कल्पना साऱ्यांनाच होती असे नाही. पण नागरिकत्वाच्या १९५६च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हाच ते नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा ठरला, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. घरी येण्यासाठी काढलेल्या कागदानेच त्यांना घरात परके केले.

तरीही १९६५ पर्यंत येणे-जाणे होते. बोटी होत्या, विमान होते, मारवाडातून मुनाबाव-खोखरापारमार्गे सिंधला जाणारी रेल्वे होती. म्हणून लग्ने जुळत राहिली. मावशीच्या, मामूच्या घरात मुली दिल्या गेल्या. मुंबईहून जाणाऱ्याच्या ट्रंकेत आंब्याची साठे, कोकम, सुके बोंबील आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पाने असत. या देण्याघेण्यात आपण मुलगी परदेशी देत आहोत असे आईबापांना वाटले नाही, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. कराची मुंबईपासून हवाई अंतराने सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे दिल्लीपेक्षाही जवळ.

सप्टेंबर १९६५च्या युद्धाने बोटी थांबल्या आणि खोखरापारची रेल्वे बंद पडली. १९७१च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधच तुटले. ते १९७६ साली पुन्हा जोडले गेले आणि २२ जुलै १९७६ रोजी अमृतसर-लाहोर 'समझोता एक्सप्रेस' सुरू झाली. गाडी आली याचा आनंद झाला, पण आमच्या लोकांसाठी तिचा भूगोल उलटा होता. ज्यांना विमान परवडत नसे त्यांनी मुंबईहून अमृतसरला जायचे, सरहद्द ओलांडून लाहोर गाठायचे, आणि तेथून पुन्हा दक्षिणेला कराचीपर्यंत उतरायचे. हा प्रवास तीन हजार किलोमीटरांच्या वर जातो. १९९४च्या अखेरीस कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली. तेव्हापासून कराचीतल्या बहिणीला मुंबईतल्या भावाकडे येण्याचा व्हिसा हवा असेल तर तिचा अर्ज आधी इस्लामाबादला जाऊ लागला.

व्हिसा मिळाला तरी तो देशाचा मिळत नसे. तो ठरावीक गावांचा मिळे. अर्जात लिहिलेल्या दोन-तीन ठिकाणांपलीकडे जायचे नाही आणि पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची, हा साधारण रिवाज. मुंबईचा व्हिसा घेऊन आलेल्या माणसाला रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातल्या आपल्या गावी जाता येत नसे. मग गावच मुंबईला येई. एसटी भरून म्हातारी माणसे डोंगरीच्या, भेंडीबाजारच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत येत, पाहुण्याला पोटाशी धरत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. बापाच्या कबरीवर फातिहा पढण्यासाठी आलेला मुलगा बाप जेथे पुरला आहे त्या गावापासून आठ तासांच्या अंतरावर बसून फातिहा पढे आणि मुदत संपली की परत जाई. अशा भेटीनंतर घरात आनंद कमी आणि हुरहूर जास्त उरत असे.

मध्यंतरी बरे दिवस आले होते, हेही सांगितले पाहिजे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी जोधपूरहून 'थर एक्सप्रेस' निघाली आणि खोखरापारचा रस्ता एकेचाळीस वर्षांनी उघडला. त्याच तारखेला पुढच्या वर्षी, २००७ साली, पानिपतजवळ समझोता एक्सप्रेसमध्ये स्फोट होऊन ६८ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य पाकिस्तानी नागरिक होते, नातेवाइकांना भेटून परतणारी साधी माणसे. त्यानंतरही लोक त्या गाडीने जातच राहिले. सप्टेंबर २०१२च्या व्हिसा करारात भेटीची ठिकाणे पाचपर्यंत वाढवण्याचे ठरले आणि पासष्टीच्या पुढच्या वृद्धांना, तसेच लग्नाने दोन देशांत वाटल्या गेलेल्या जोडीदारांना सवलती लिहिल्या गेल्या. कागदावर तो चांगला करार होता. पण २०१७ साली मुंबई-कराची विमान बंद झाले, ऑगस्ट २०१९मध्ये दोन्ही गाड्या थांबल्या. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि अटारीचा रस्ताही बंद करण्यात आला. त्या आठवड्यात अटारीवर आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि मुलांचा दुसऱ्या देशाचा, असे प्रकार साऱ्या जगाने पाहिले. आम्हाला त्यात नवे काही वाटले नाही.

पहलगाममध्ये निरपराध माणसे मारणाऱ्यांविषयी आमच्या मनात संतापच आहे. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोन्ही देशांतल्या राज्यकर्त्यांना प्रत्येक वेळी सर्वांत आधी बंद करता येते ते नातेवाइकांचे दार, हा या पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे. आणि त्याची किंमत मुख्यतः बायकांनी मोजली आहे. लग्न करून गेलेल्या मुलीचे माहेर दोन सरकारांच्या अखत्यारीत गेले. बाळंतपणाला आई आली नाही, आईच्या मय्यतीला मुलगी आली नाही. ताजियतीचे तीन दिवस असतात, व्हिसाला आठवडे लागतात.

इस्लामने सिला-ए-रहमी, म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवणे, हे कर्तव्य सांगितले आहे. आमच्या वाडवडिलांनी ते परमिटावर, पासपोर्टवर, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून पार पाडले. आता ते मोबाइलवर पार पाडले जाते. चेहरे दिसतात, पण कराचीतली तिसरी पिढी उर्दू बोलते आणि आमच्या कोकणीला नुसती हसते. जी बोली पाहुण्यांबरोबर जात-येत होती, ती पाहुणे थांबल्याबरोबर थांबली.

आमच्या अनेक घरांत जुन्या ट्रंकेच्या तळाशी ते छोटे पासपोर्ट, परमिटांचे कागद, पोलिसांच्या शिक्क्यांचे दाखले अजून पडून आहेत. लोक ते भीतीपोटी जाळून टाकतात, असे आम्ही ऐकतो. ते जाळू नयेत. त्यांतून कटकारस्थान सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते की एक बहीण अमुक तारखेला भावाला भेटायला आली, तिने अर्जात त्याच्या गावाचे नाव लिहिले, आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ती परत गेली.