काचेचें मोहोळ आणि जिनीव्हाचा हिंवाळा

मधमाशांचा सारा संसार अंधारांत चालतो, आणि त्या अंधारांत डोकावण्याची हौस माणसाला फार दिवसांची आहे. १६५४ च्या जुलै महिन्यांत जॉन एव्हलिन हा इंग्रज गृहस्थ ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजांत डॉ. विल्किन्स यांच्याकडे जेवावयास गेला होता. तेथें किल्ल्यांच्या व राजवाड्यांच्या घाटाचीं पारदर्शक मोहोळें पाहिल्याची नोंद त्यानें आपल्या रोजनिशींत केली आहे. त्या मोहोळांतील मध माशा न मारतां काढतां येई, याचें त्याला विशेष वाटलें. तें साहजिकच होतें. कारण तिकडे माशा गवताच्या टोपल्यांत पाळीत आणि मध हवा असला म्हणजे बहुधा गंधकाची धुरी देऊन सारें कुटुंबच संपवीत.

पुढें फ्रान्समध्यें रेओम्यूर या पंडितानें काचेच्या पेट्यांतून पुष्कळ पाहिलें व १७४० सालीं तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. परंतु पेटी रुंद ठेवली तर बाहेरच्या पोळ्याची एकच बाजू दिसते आणि राणीमाशी नेमकी आंतल्या पोळ्यांत दडून राहते. म्हणून जिनीव्हाच्या शार्ल बोने यानें एकाच पोळ्यापुरती अगदीं चपटी पेटी सुचविली. तींत माशांना लपावयास जागाच नाहीं. पाहणाराची सोय पूर्ण झाली. माशांची मात्र तेथेंच अडचण सुरू झाली. हिंवाळ्यांत माशा पोळ्यांच्या दरम्यान शिरून एकमेकींस बिलगतात व त्यांचा गोळा बनतो. लाडवाची भाकरी थापली म्हणजे ती जशी लवकर निवते, तशी चपट्या पेटींतील माशांची गत होते. शिवाय भाकरीच्या दोहों अंगांस थंडगार काच!

ही कोंडी फ्रांस्वा ह्यूबर यानें फोडली. याचा जन्म जिनीव्हांत १७५० सालीं झाला आणि ऐन तारुण्यांत त्याची दृष्टि गेली. फ्रांस्वा ब्यूर्नान नांवाचा खेड्यांतील नोकर त्याला रेओम्यूरचा ग्रंथ वाचून दाखवी. वाचतां वाचतां दोघांनाहि शंका येऊं लागल्या, आणि मग धन्यानें प्रश्न काढावे व नोकरानें डोळे लावावे असा क्रम पडला. एकाच पोळ्यावर कोंडलेल्या माशांची रीत बदलत तर नसेल, अशी शंका ह्यूबरला आली. म्हणून त्यानें लांकडी चौकटी बिजागऱ्यांनीं जोडून एक मोहोळ केलें. तें पुस्तकाप्रमाणें पानापानानें उघडावें, पाहावें आणि मिटावें. मिटलें कीं सर्व पोळीं पुन्हां शेजारीं शेजारीं येत आणि माशांना आपला गोळा करावयास जागा मिळे. पाहणें आणि ऊब यांचें वैर येथें प्रथम मिटलें, असें मला वाटतें.

एकदां अंडीं घालणाऱ्या कामकरी माशा शोधण्यासाठीं ब्यूर्नाननें दोन मोहोळांतील प्रत्येक माशी हातांत घेऊन तपासली. त्याला अकरा दिवस लागले. १७९२ सालीं बोनेला लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें ग्रंथ निघाला त्यावर नांव धन्याचें आहे. धन्यानें नोकराचें ऋण मोकळेपणानें मानलें आहे. तरी त्या ग्रंथाचा अर्धा मान ब्यूर्नानचा, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं.

माशा हिंवाळ्यांत बेडकाप्रमाणें गारठून निपचित पडतात अशी जुनी समजूत होती. ह्यूबरनें उष्णतामापक आंत घालून पाहिला. बाहेर पारा गोठणबिंदूच्या खालीं असतांना भरल्या मोहोळांत २४-२५ अंश भरले. हे अंश रेओम्यूरच्याच मापाचे, बरें का! सेंटिग्रेडच्या हिशेबानें ते सुमारें ३० होतात. म्हणजे माशा झोंपत नाहींत. मध खातात आणि ऊब करतात. १९१४ सालीं अमेरिकेंत फिलिप्स व डेमथ या शास्त्रज्ञांनीं विजेच्या तापमापकांनीं हा विषय पुढें नेला. हवा सुमारें १४ अंशांवर उतरली कीं गोळा नीट बांधला जातो, असें त्यांस आढळलें. पंख न हालवितां उडण्याचे स्नायु थरथरवून माशा उष्णता काढतात, हें आज ठाऊक आहे. पिलें नसतांना गोळ्याचा गाभा ह्यूबरच्या आंकड्याहून पुष्कळदां थंड असतो. राणी अंडीं घालूं लागली म्हणजे तो ३४-३५ अंशांवर जातो. बाहेरच्या थरांतील माशी मात्र १० अंशांच्या आसपास ताठरूं लागते. गोळ्यापासून सुटली तर ती गेलीच.

आपल्या सह्याद्रींत थंडींतहि माशा फुलांवर दिसतात, त्यामुळें ही काळजी आपणांस नवलाची वाटेल. थंड देशांत मात्र काचेच्या पेटीचा मालक दोन संकटांत सांपडतो. पेटी गार जागीं ठेवली तर माशांच्या श्वासांतील वाफ काचेवर जमून थेंबाथेंबानें त्यांच्याच अंगावर पडते. म्हणून काचेवर लांकडी झडपा व लोंकरी आच्छादन घालतात आणि वाफेला वाट ठेवतात. ऊबदार खोलींत ठेवून नळीनें बाहेरची वाट दिली, तर खोलीच्या उबेनें फसून माशा हिमांत उडतात व मरतात, किंवा राणी अवेळीं अंडीं घालूं लागते आणि सांठवलेला मध संपतो. म्हणून पुष्कळ जाणते लोक पानगळीच्या सुमारास चौकट उचलून मोठ्या लांकडी पेटींतील कुटुंबांत मिळवितात आणि वसंतांत फुलें आल्यावर पुन्हां काचेमागें आणतात. मधले महिने काच रिकामी असते.