गंज, मीठ आणि एका मोटारीची बदनामी #धागा

१/
जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात इंजिनाची चर्चा होते, रंगाची होते. पत्र्याची क्वचितच होते. वास्तविक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील असंख्य मोटारी इंजिन थकण्यापूर्वीच गंजाने भंगारात गेल्या. आजचा धागा या गंजाविषयी आणि त्यावर उभ्या राहिलेल्या व्यवसायाविषयी.

२/
लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर त्यातून वीज अधिक सहज वाहते आणि ही क्रिया वेग घेते. कोकणातील घरांच्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

३/
मग समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या डेट्रॉइटमध्ये मीठ आले कुठून? मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून हिवाळ्यात ते रस्त्यांवर टाकले जाऊ लागले. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्याने १९३८ मध्ये हा प्रयोग केला. महायुद्धानंतर महामार्गांबरोबर मिठाचा वापरही वाढला. गंमत अशी की, मोटारींची ही राजधानी एका मिठाच्या खाणीवरच वसलेली आहे!

४/
त्याच काळात मोटारीची रचनाही बदलत होती. पूर्वी जाड पोलादी चासी असे आणि तिच्यावर स्वतंत्र बॉडी. १९३४ च्या सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँसारख्या गाड्यांनी वेगळी वाट दाखवली : पत्र्याचे पोकळ भाग जोडून बॉडीलाच सांगाडा बनवायचे. गाडी हलकी झाली. परंतु त्या पोकळ्यांत रंग नीट पोहोचत नसे आणि शिरलेले खारे पाणी साचून राही. बाहेरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत पत्रा आतून पोखरलेला असे.

५/
कारखाने जे करीत नव्हते, ते गॅरेजांनी हाती घेतले. कुर्ट झीबार्ट या जर्मन मेकॅनिकच्या नावाने १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये ‘झीबार्ट’ सुरू झाले. दारे व खालच्या पट्ट्या यांना भोके पाडायची, लांब नळीने आत मेणासारखा लेप फवारायचा आणि भोके बुचांनी बंद करायची, अशी ही पद्धत. नव्या कोऱ्या गाडीसाठी ग्राहकाने पुन्हा पैसे मोजायचे!

६/
हा लेप निष्काळजीपणे मारला, तर तो पाणी निथळण्याची छिद्रेच बुजवून टाकी. आधीच गंजलेल्या पत्र्यावर जाड थर दिला, तर ओल त्याखाली अडके. संरक्षणासाठी दिलेले पैसे अशा वेळी गंजाच्याच कामी येत.

७/
१९७२ मध्ये इटलीची लान्चिया बीटा आली. तिच्या पहिल्या मालिकेत इंजिन पेलणाऱ्या सबफ्रेममध्ये पाणी साचून गंज धरू लागला. १९८० मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले. कंपनीने अशा गाड्या परत विकत घेतल्या, तरी गेलेली पत परत आली नाही. १९९४ मध्ये लान्चियाने ब्रिटनमधून काढता पाय घेतला.

८/
येथे एक दंतकथा जन्मली. लान्चियाची मालक फियाट. फियाटने १९६६ मध्ये सोव्हिएत संघाशी मोटार कारखान्याचा करार केला. म्हणून मोबदल्यात निकृष्ट सोव्हिएत पोलाद आले आणि गाड्या गंजल्या! कथा आकर्षक आहे, पण तिला ठोस पुरावा नाही. शिवाय सोव्हिएत पोलादाशी संबंध नसलेल्या ब्रिटिश आणि जपानी गाड्याही त्या काळी गंजतच होत्या. मूळ दोष पाणी साचू देणाऱ्या रचनेत होता.

९/
कायमचा उपाय अखेर कारखान्यातच झाला. १९६० च्या दशकात फोर्डने संपूर्ण बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात थर चढवण्याची पद्धत आणली. १९७० च्या दशकाच्या मध्यास पोर्शेने ९११ साठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला. १९८० च्या दशकात ऑडी १०० नेही ती वाट धरली. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. एक धातू झिजवून दुसरा राखण्याचे हे तत्त्व हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी १८२४ मध्येच मांडले होते.

१०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक भान ठेवावे. प्रदर्शनातील गाड्या या वाचलेल्या गाड्या आहेत. त्यांवरून ‘पूर्वीचा पत्राच भक्कम’ असा निष्कर्ष काढणे, म्हणजे केवळ टिकलेल्या कागदांवरून संपूर्ण दप्तराची कल्पना करणे होय.

११/
पुढच्या वेळी अशी गाडी दिसली, तर दाराच्या कडेला लहान गोल बुचे आहेत का, ते पाहा. आढळली, तर तो अस्सल पुरावा समजा : कारखान्याने अर्धवट सोडलेले काम कुणा मालकाने स्वतःच्या खिशातून पूर्ण करून घेतले होते.