स्वतंत्र उत्सव, स्पर्धा व सन्मान (तंजावर परिसर)

प्रस्थापित व्यासपीठावर ज्यांना प्रवेश नाकारला जातो, किंवा प्रवेश मिळूनही ज्यांच्या गुणांना तिथल्या मोजपट्टीत जागा नसते, अशा समूहांनी स्वतःसाठी उभारलेले उत्सव, सौंदर्यस्पर्धा, संमेलने आणि पुरस्कार. अल्पसंख्य हा शब्द या नोंदीत निव्वळ शिरगणतीच्या अर्थाने घेतलेला नाही. स्त्रिया लोकसंख्येत निम्म्या. पण 1927 साली तिरुवैयारूच्या उत्सवात त्या अल्पसंख्यच होत्या, कारण कोणी गायचे हे ठरवणाऱ्यांत त्यांच्यापैकी एकही नव्हती. ‘सगळ्यांसाठी एक स्पर्धा असताना यांना वेगळी कशाला?’ हा प्रश्न अशा समूहांना हमखास विचारला जातो. तंजावर आणि भोवतालच्या तमिळ मुलुखाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, की या प्रश्नाचा रोख कोणाकडे असायला हवा ते कळते.

तिरुवैयारू हे तंजावरच्या उत्तरेला कावेरीकाठचे गाव. कर्नाटक संगीतातील संत-रचनाकार त्यागराज (1767–1847) यांची समाधी येथे आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांचे दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारले, असे परंपरा सांगते. त्यांच्या मृत्यूनंतर समाधी अनेक दशके झाडाझुडपांत पडून होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यपरंपरेतील गायकांनी पुण्यतिथीची आराधना सुरू केली आणि लवकरच त्यांच्यात फूट पडून ‘पेरिय कट्चि’ म्हणजे मोठा पक्ष व ‘चिन्न कट्चि’ म्हणजे धाकटा पक्ष असे दोन तट झाले. दोघांचे आपसांत पटत नव्हते, पण समाधीपुढे बाईने गायचे नाही यावर त्यांचे एकमत होते.

बंगळूर नागरत्नम्मा (1878–1952) या देवदासी परंपरेत जन्मलेल्या, मद्रासमध्ये नाव आणि पैसा दोन्ही मिळवलेल्या गायिका. समाधीची दुरवस्था कळल्यावर 1921 पासून त्यांनी आपली मिळकत या कामी लावली. जागा मिळवली, मंदिर उभे केले, मूर्ती बसवली. काम पुरे झाल्यावर त्यांनी तिथे गाण्याची परवानगी मागितली आणि ती दोन्ही पक्षांनी नाकारली. मंदिर त्यांचे, पैसा त्यांचा, आणि गायची बंदीही त्यांनाच. तेव्हा 1927 मध्ये त्यांनी ‘पेण्गळ् कट्चि’, म्हणजे स्त्रियांचा तिसरा पक्ष काढला. समाधीच्या मागच्या अंगाला देवदासी गायिका जमत आणि आपली आराधना वेगळी करीत. कोणाची मेहेरबानी नको आणि कोणाचे व्यासपीठही नको, एवढीच त्यांची भूमिका होती. त्या गायनाला श्रोते आले, कलावंतिणींची संख्या वाढली, आणि तिन्ही पक्षांनी आपापले चालवावे हे लोकांनाच विचित्र वाटू लागले. 1941 मध्ये तिन्ही पक्ष एकत्र आले. आज पुण्यतिथीला त्यागराजांच्या पंचरत्न कृतींचे जे सामूहिक गायन होते आणि ज्यात शेकडो स्त्रीपुरुष एकत्र बसतात, त्याची घडी त्या एकीकरणानंतर बसली. नागरत्नम्मांनी मृत्युपत्रात आपली मालमत्ता समाधीच्या कार्याला दिली आणि स्त्रियांना, देवदासींनाही, तेथे सेवा करू द्यावी अशी अट घातली. आपल्यामागे दार पुन्हा बंद होऊ शकते, याची त्यांना पक्की जाणीव होती.

याच बाईंनी त्याआधी एक वेगळी लढाई लढली होती. तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह (कारकीर्द 1739–1763) यांच्या दरबारातील कलावंतीण मुद्दुपळनी हिचे ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य नागरत्नम्मांनी 1910 मध्ये संपूर्ण छापून प्रसिद्ध केले. काव्य अश्लील ठरवून सरकारने त्यावर बंदी घातली. ती 1947 मध्ये उठली. पुरुष कवींचे शृंगारकाव्य अभिजात आणि बाईने लिहिलेले तेवढे अश्लील, हा निवाडा करणाऱ्यांत एकही कवयित्री नव्हती. राजाच्या दरबारात जिला मान होता, तिचा ग्रंथ विसाव्या शतकात दुसऱ्या कलावंतिणीला जपावा लागला. स्वतंत्र सन्मानाचे हे सर्वांत जुने काम आहे: आपल्या पूर्वजांची नावे आपणच टिकवायची.

तमिळ संगीताची गोष्ट याहून वेगळी, कारण येथे वंचित राहिली ती भाषा. कर्नाटक संगीताच्या मैफलीत तेलुगू आणि संस्कृत रचनांचे वर्चस्व होते. तमिळ रचना बहुधा मैफलीच्या शेवटी, किरकोळ म्हणून गायल्या जात. तंजावरचे अब्राहम पंडितर (1859–1919), धर्माने ख्रिस्ती आणि व्यवसायाने सिद्ध वैद्य, यांनी 1912 मध्ये तंजावरात ‘संगीत विद्या महाजन संगम’ स्थापून स्वखर्चाने संगीत परिषदा भरवल्या आणि 1917 मध्ये ‘करुणामृत सागरम्’ हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. 1916 साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांनी आपला श्रुतिविचार (सूक्ष्म स्वरांतरांविषयीचा विचार) मांडला. पुढे 1943 मध्ये अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने मद्रासमध्ये तमिळ इसै संगम स्थापन झाला. 1957 पासून तो ‘इसै पेररिञर’ हा स्वतःचा पुरस्कार देतो. मद्रासच्या म्यूझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ असताना हा दुसरा पुरस्कार आला. पण तिरुवैयारूसारखे येथे एकीकरण झाले नाही आणि होण्याचे कारणही नव्हते. स्त्रियांना हवा होता तो मंडपातील प्रवेश. तमिळ रचनांना हवी होती ती वेगळी मोजपट्टी. प्रवेश एकदा मिळाला की वेगळा मांडव मोडता येतो, पण मोजपट्टीचा वाद दार उघडून मिटत नाही.

तिसरे उदाहरण आजचे आणि सर्वांत चर्चेतले. तिरुनंगै म्हणजे तमिळनाडूतील पारलिंगी स्त्रिया. कळ्ळकुरिची जिल्ह्यात उळुंदूरपेटजवळच्या कूवागम गावी कूत्तांडवराचे, म्हणजे अरवानाचे, मंदिर आहे. अर्जुन व उलूपी यांचा पुत्र अरवान (महाभारतातील इरावान) याने युद्धापूर्वी स्वतःचा बळी देण्याचे मान्य केले. मरणाआधी लग्न व्हावे या त्याच्या इच्छेसाठी कृष्णाने मोहिनीरूप घेतले, अशी तमिळ परंपरेतील कथा. चैत्रात भरणाऱ्या अठरा दिवसांच्या यात्रेत देशभरातून आलेल्या तिरुनंगै अरवानाच्या नावाने पुजाऱ्याकडून ताली (मंगळसूत्र) बांधून घेतात. दुसऱ्या दिवशी रथयात्रेनंतर बांगड्या फोडल्या जातात, ताली तोडली जाते, पांढरी साडी नेसून शोक केला जातो. या विधीच्या आधी विळुप्पुरम शहरात ‘मिस कूवागम’ ही सौंदर्यस्पर्धा होते. स्पर्धकांचा पेहराव आणि चाल पाहिली जाते, त्यांना सामान्यज्ञानाचे आणि आरोग्याविषयीचे प्रश्नही विचारले जातात. एचआयव्हीविषयीच्या जागृतीचे काम करणाऱ्या संस्थांनी या मेळ्याचा उपयोग वर्षानुवर्षे करून घेतला आहे. 2020 व 2021 मध्ये कोविडच्या साथीमुळे खंड पडला, नंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली.

या स्पर्धेवर एक आक्षेप घेतला जातो: गोरेपणा, शिडशिडीत बांधा, दागदागिने ही बाजारू सौंदर्याचीच नक्कल झाली, त्यात बंड कसले? आक्षेपात तथ्य आहे. परंतु ज्या व्यक्तीला घरातून काढले, शाळेत छळले, रस्त्यावर हिणवले, तिला मोठ्या जनसमुदायासमोर ‘तू सुंदर आहेस’ असे तिच्याच माणसांनी सांगणे, याची किंमत बाहेरून ठरवता येत नाही. शिवाय तिथे आलेल्या बहुतेकींना मुकुटापेक्षा भेट महत्त्वाची असते. गुरूला ‘अम्मा’ म्हणणाऱ्या, एकमेकींना मुलगी-बहीण मानणाऱ्या या समाजाचे ते वार्षिक माहेर आहे. मुख्य स्पर्धांची दारे उघडल्याने असे मेळे ओस पडत नाहीत. अमेरिकेत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेत एके काळी गोऱ्या वंशाची अट होती. तिच्या निषेधार्थ 1968 मध्ये अटलांटिक सिटीतच ‘मिस ब्लॅक अमेरिका’ भरली. 1983 मध्ये मुख्य स्पर्धा पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय तरुणीने जिंकली, तरी ती वेगळी स्पर्धा बंद झाली नाही.

तंजावरने तिरुनंगै समाजाला याहून मोलाचे काही दिले आहे. मदुरैच्या तिरुनंगै नृत्यांगना नर्तकी नटराज यांना भरतनाट्याची विद्या तंजावरात मिळाली. त्यांचे गुरू के. पी. किट्टप्पा पिळ्ळै हे सरफोजी दुसरे यांच्या दरबारातील ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या बंधूंच्या घराण्यातले. सरफोजींच्या मराठी नृत्यरचना पुन्हा रंगमंचावर आणण्यात किट्टप्पांचा मोठा वाटा आहे. त्यांनी या शिष्येला गुरुकुल पद्धतीने शिकवले, ‘नर्तकी’ हे नावही दिले. तंजावरजवळच्या पेरियार मणियम्मै विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2019 मध्ये पद्मश्री. पारलिंगी स्त्रीला मिळालेली ती पहिली पद्मश्री. येथे कोणतीही सवलत नव्हती: एका गुरूने विद्येखेरीज काही पाहिले नाही, एवढेच. असे गुरू सर्वत्र असते तर वेगळ्या स्पर्धांची गरज पुष्कळ कमी झाली असती. तमिळनाडू सरकारने 2008 मध्ये पारलिंगी कल्याण मंडळ स्थापले आणि आता 15 एप्रिलच्या राज्य पारलिंगी दिनाशी जोडून या समाजातील कर्तबगार व्यक्तीला सरकारी पुरस्कारही दिला जातो.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. 1885 मध्ये मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्राने नाकारले, ते शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार तिथे होत नाही म्हणून. 1958 मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. मुख्य मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी आणि त्या काळच्या उत्तम लेखकांची यादी शेजारी ठेवून पाहावी, कारण वेगळे शोधावे लागत नाही.

तंजावरचे मराठी लोक या नोंदीत दोन्ही बाजूंना दिसतात. 1676 च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तेथे राज्य स्थापले आणि 1855 मध्ये ते खालसा झाले. त्या काळात हा अल्पसंख्य समाजच सन्मान वाटणारा होता. विद्वानांना अग्रहार (इनाम गावे), कवींना आश्रय, नटुवनारांना (नृत्यगुरूंना) मानधन त्याच्याकडून मिळे; तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास सरफोजींनी 1803 मध्ये मराठीत कोरवला. राज्य गेल्यावर हाच समाज तमिळ नगरांत विखुरला, घरातली मराठी तमिळ वळणाची झाली, आणि स्वतःच्या मुलांच्या शिक्षणासाठी 1912 मध्ये मद्रासला त्याने ‘मराठा एज्युकेशन फंड’ उभा केला. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा त्यांची बोली ऐकून अजून हसतो, आणि मग त्यांची मुले पाहुण्यांसमोर मराठी बोलायची थांबतात. ज्या शहरात तिथलेच राजे शहाजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली आणि सरफोजींनी 1805 मध्ये देवनागरी छापखाना घातला, त्या शहराची मराठी हिणवण्याचा अधिकार कोणालाच नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1878 पासून महाराष्ट्राबाहेरही बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, भोपाळ, रायपूर, दिल्ली आणि पंजाबातील घुमान येथे भरले. तंजावरला ते अद्याप एकदाही भरलेले नाही. ते तेथे भरवावे, आणि व्यासपीठावर तंजावरी मराठीला तिच्याच उच्चारांत बोलू द्यावे.