उत्सवांच्या तिथी आणि संगणकीय दिनदर्शिका : फाइल आयात करताना येणाऱ्या अडचणी



वर्षभराच्या उत्सवांची यादी वहीत उतरवून घेण्याची रीत राजपुऱ्यात अजून मोडलेली नाही. तथापि नोकरी-व्यवसायानिमित्त इंदूर, पुणे, मुंबई अथवा परदेशी स्थायिक झालेली अनेक कुटुंबे हीच यादी संगणकात किंवा भ्रमणध्वनीत ठेवू इच्छितात. त्यासाठी 'आयसीएस' प्रकारची फाइल सर्वत्र प्रचलित आहे. ती एका कार्यक्रमात व्यवस्थित उघडते, दुसऱ्यात एक दिवस मागे सरकते, तिसऱ्यात अक्षरांऐवजी चौकोन दाखविते. उत्सवाची तारीख चुकली तर फार तर दर्शन हुकते. घरच्या श्राद्धाची तिथी चुकली तर त्याची रुखरुख वर्षभर राहते. म्हणून या विषयाची माहिती एकत्र देत आहोत.

आयसीएस ही साध्या मजकुराची फाइल असते. कार्यक्रमाचे नाव, प्रारंभ, समाप्ती आणि एक ओळखक्रमांक एवढे तिच्यात प्रामुख्याने असते. तिचे प्रमाण स्वरूप १९९८ साली आरएफसी २४४५ या दस्तऐवजाने ठरले व सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. गूगल कॅलेंडर, आउटलुक, ॲपलचे कॅलेंडर आणि थंडरबर्ड हे चारही कार्यक्रम हे स्वरूप वाचतात. मात्र प्रमाणातील प्रत्येक तरतूद प्रत्येकाने सारखीच अमलात आणलेली नाही, आणि अडचणींचे मूळ बहुतांशी तेथेच आहे. आपल्या बाबतीत त्यात आणखी एका कारणाची भर पडते, ते म्हणजे आपली तिथी.

तिथी व 'दरवर्षी पुन्हा' हा पर्याय

कार्यक्रम नोंदविताना 'दरवर्षी पुन्हा' हा पर्याय समोर येतो आणि तो निवडण्याचा मोह होतो. तिथीच्या कार्यक्रमासाठी तो कधीही निवडू नये. हा नियम इंग्रजी तारखेने चालतो. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला येते. पहिले अंतर ३५४ दिवसांचे, दुसरे ३८३ दिवसांचे. कारण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. 'दर ३५४ दिवसांनी' असा नियम घालून पाहणारे हिशेबी गृहस्थही आढळतात. त्यांचा हिशेब पहिल्या अधिक मासातच कोलमडतो.

अन्य पंचांगांसाठी काही तरतूद झालेली नाही असे नाही. मे २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ने इंग्रजीव्यतिरिक्त कालगणनांच्या पुनरावृत्तीची सोय केली, व चिनी आणि ज्यू पंचांगांतील अधिक महिन्यांचाही तेथे विचार झाला. तिचा आधार युनिकोडच्या कालगणनांच्या यादीवर आहे, आणि त्या यादीत 'भारतीय' या नावाने जे आहे ते आपले राष्ट्रीय सौर पंचांग होय. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून ते २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या चैत्र १ पासून, शासकीय वापरात आले. त्यात महिन्यांची नावे चैत्र-वैशाख अशीच असली तरी गणना सूर्याची आहे, तिथीची नाही. त्यानुसार २०२५ ची गणेश चतुर्थी भाद्रपद ५ रोजी होती, तर २०२६ ची भाद्रपद २३ रोजी येते. भ्रमणध्वनीत 'भारतीय' दिनदर्शिका निवडून तिथी मिळाली असे समजणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. चांद्रतिथीच्या पुनरावृत्तीचा सर्वमान्य नियम या फाइलमध्ये नाही. प्रत्येक वर्षाची तारीख पंचांगातून काढून स्वतंत्र नोंद करणे हाच उपाय आहे.

अमान्त व पूर्णिमान्त महिने

ही अडचण आमच्या भागात विशेष जाणवते, कारण येथे एकाच गल्लीत दोन्ही रीतींची घरे आहेत. मराठी व गुजराती पंचांगांत महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगांत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोघांचे एकमत असते. वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, शेजाऱ्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची; दिवस एकच. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावणात, त्यांच्याकडे भाद्रपदात. आपला पोळा श्रावणी अमावास्येचा, तोच दिवस त्यांच्या पंचांगात भाद्रपद अमावास्या.

सणाचे नाव ठाऊक असल्याने सणांत सहसा घोटाळा होत नाही. तो होतो श्राद्धतिथीत. समजा, घरातील कोणाची तिथी माघ वद्य पंचमी आहे. ती आपण 'माघ कृष्ण पंचमी' अशी हिंदी रीतीवर ठेवलेल्या पंचांग-ॲपमध्ये भरली आणि त्यातून फाइल काढली, तर नोंद बरोबर एक महिना आधी, म्हणजे आपल्या पौष वद्य पंचमीस पडेल. फाइलमध्ये शेवटी केवळ इंग्रजी तारीख उरते. ती कोणत्या रीतीने काढली याचा तिच्यात मागमूस नसतो आणि पुढे ती ज्या कार्यक्रमात जाईल तो ती निमूटपणे स्वीकारतो. यास्तव आमचा आग्रह असा की, अशा नोंदीच्या तपशिलात 'माघ वद्य पंचमी, अमान्त' एवढे शब्द लिहून ठेवावेत. पुढच्या पिढीतील मुलांना त्याचा निश्चित उपयोग होईल.

दोन ठिकाणच्या फाइली एकत्र आयात केल्यास एकच सण दोन दिवशी दिसणेही शक्य आहे. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाचे उदाहरण ताजे आहे. अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागून २१ च्या सायंकाळी संपत होती. महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी २१ तारीख दिली, उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी २० ला पूजन झाले. तो निर्णयाचा भेद होता, संगणकाचा दोष नव्हता. दोहोंपैकी कोणते मानावयाचे हे घराच्या परंपरेने ठरवावे व दुसरी नोंद काढून टाकावी.

दिवस मागे-पुढे का सरकतो

प्रमाण स्वरूपात 'पूर्ण दिवसाचा कार्यक्रम' लिहिण्याची स्वतंत्र रीत आहे : केवळ तारीख द्यावयाची, वेळ द्यावयाची नाही. अशी नोंद जगात कोठेही त्याच तारखेस दिसते. परंतु काही कार्यक्रम पूर्ण दिवस म्हणून मध्यरात्रीची वेळ लिहून मोकळे होतात. ती जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र असल्यास २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झालेली दिसते, आणि शिकागोतील नातेवाइकांना ती २६ च्या सायंकाळी सातला दिसते. भारतीय मध्यरात्र लिहिली असल्यास न्यू जर्सीत तोच कार्यक्रम २६ च्या दुपारी अडीचपासून २७ च्या दुपारी अडीचपर्यंत पसरतो.

समाप्तीच्या तारखेचाही एक संकेत आहे. पूर्ण दिवसाच्या नोंदीत समाप्तीची तारीख ही कार्यक्रमाच्या शेवटच्या दिवसाची नसून त्याच्या पुढच्या दिवसाची असते. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. गणेशोत्सवाच्या नोंदीत समाप्ती ७ सप्टेंबर लिहावी लागते. हाताने फाइल तयार करणारे ६ लिहितात आणि विसर्जनाचा दिवसच गळतो.

आरती, कीर्तन, पालखी असे वेळेचे कार्यक्रम असतील तर वेळेबरोबर कालपट्टा लिहिलेला असावा. आउटलुक त्यास 'इंडिया स्टँडर्ड टाइम' म्हणते, इतर कार्यक्रम 'एशिया/कोलकाता', आणि जुन्या फाइलींत 'एशिया/कलकत्ता' आढळते. तिन्ही एकच असले तरी अपरिचित नाव आले की एखादा कार्यक्रम ते सोडून देतो व वेळ आपल्या मनाने ठरवितो. कालपट्टा न दिलेली वेळ जेथे पाहावी तेथील घड्याळाप्रमाणे दिसते. घरोघरी सकाळी सातला करावयाच्या नामस्मरणासाठी हेच योग्य. पालखीच्या प्रस्थानासाठी अयोग्य.

परदेशस्थ भाविकांसाठी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. तिथीचा आरंभ व शेवट हा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, परंतु व्रताचा दिवस स्थानिक सूर्योदयावरून, संकष्टी चतुर्थीचा स्थानिक चंद्रोदयावरून ठरतो. केवळ रेखांशाच्या फरकाने मुंबईचा सूर्योदय बुऱ्हाणपुरापेक्षा सुमारे १३ मिनिटे उशिरा होतो. एवढ्या अवधीत तिथी बदलणे क्वचितच घडते. अमेरिकेत मात्र हे अंतर कित्येक तासांचे असल्याने एकादशी आपल्या आदल्या तारखेस येणे मुळीच दुर्मिळ नाही. सबब येथील फाइल तेथे आयात केल्यास मंदिरातील उत्सवाचा दिवस बरोबर मिळतो, उपवासाचा दिवस मिळेलच असे नाही. उत्सव येथल्या पंचांगाने पाहावा, व्रत आपण राहता त्या शहराच्या पंचांगाने करावे.

अक्षरे बिघडण्याविषयी

मध्य प्रदेशातील कार्यालयांत कृतिदेव व मराठी छपाईत श्रीलिपी या टंकांचा वापर दीर्घकाळ झाला. त्यांत टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. तो जसाच्या तसा फाइलमध्ये चिकटविल्यास दिनदर्शिकेत निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. जुन्या पत्रिकांवरून यादी करताना मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा व फाइल 'यूटीएफ-८' संकेतनात जतन करावी.

त्यानंतरही कधी ओळीच्या मध्यभागी एखादेच अक्षर फुटते. प्रमाणानुसार एक ओळ ७५ बाइटांहून लांब असू नये; लांब ओळ मोडून पुढच्या ओळीवर न्यावी. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. एकटा 'श्री' बारा बाइट घेतो. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनविलेली काही साधने नेमकी चिन्हाच्या पोटातच ओळ मोडतात. नाव आटोपशीर ठेवावे, बाकी मजकूर तपशिलात द्यावा. तेथे एखादे अक्षर फुटले तरी कार्यक्रम ओळखता येतो.

तक्त्यातून यादी आयात करणारांनी एक्सेलमध्ये साधी 'सीएसव्ही' न निवडता 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडावी, एरवी मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. गूगलला स्तंभांची शीर्षके इंग्रजीतच लागतात. तारखेच्या क्रमाकडे विशेष लक्ष असावे : ०७/०९/२०२४ हे आपल्या लेखी ७ सप्टेंबर, अमेरिकन रीतीने ९ जुलै. १४/०९/२०२६ वर मात्र कार्यक्रम अडतो, कारण चौदावा महिना नसतो. अडणारी तारीख परवडली. निमूटपणे बदलणारी अधिक घातक.

आयात करताना

प्रथम एक रिकामी, स्वतंत्र दिनदर्शिका तयार करून तिला 'उत्सव' असे नाव द्यावे व फाइल तिच्यातच आयात करावी. काही बिघडल्यास ती एकटी पुसून टाकता येते. नेहमीच्या दिनदर्शिकेत मिसळलेल्या नोंदी एकेक करून काढाव्या लागतात. गूगल कॅलेंडरमध्ये आयात संगणकावरील ब्राउझरमधूनच होते, भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये ती सोय नाही. ॲपलचे कॅलेंडर कोणत्या दिनदर्शिकेत नोंदी घालाव्यात हे विचारते. उत्तर घाईने देऊ नये.

आयात ही एकदाच घेतलेली प्रत असते. मूळ यादीत नंतर बदल झाला तर तो तेथे पोहोचत नाही, आणि सुधारित फाइल पुन्हा आयात केल्यास प्रत्येक कार्यक्रम दोनदा दिसण्याचा संभव असतो. नोंदीचा ओळखक्रमांक तोच ठेवला असेल तर चांगले कार्यक्रम जुनी नोंद बदलतात. परंतु काही साधने दर वेळी नवा क्रमांक देतात. पत्त्याद्वारे वर्गणीदार होण्याची पद्धत याहून सोयीची आहे, कारण बदल आपोआप येतात. फक्त ते तत्काळ येत नाहीत. गूगलमध्ये त्यास बारा तासही लागू शकतात. पावसामुळे पालखीची वेळ ऐनवेळी बदलली तर ती दूरध्वनीनेच विचारावी.

स्मरणाच्या घंटीवरही विसंबू नये. फाइलमध्ये ती असली तरी अनेक कार्यक्रम आयातीच्या वेळी ती गाळतात, म्हणून आपल्या दिनदर्शिकेत ती स्वतः लावून घ्यावी. आयात पूर्ण झाल्यावर तीन नोंदी छापील पंचांगाशी ताडून पाहाव्यात : एक शुद्ध पक्षातील, एक वद्य पक्षातील आणि एक अनेक दिवस चालणाऱ्या उत्सवाची. वद्य पक्षातील नोंद शक्यतो घरच्या श्राद्धतिथीचीच घ्यावी आणि ती घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी.