उक्ती फी आणि वकिलाचे श्रम : वऱ्हाडातील वकिली व्यवसायाच्या इतिहासाचा एक प्रश्न

वकिली व्यवसायाचा आर्थिक इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम फीच्या आकड्याकडे जाते. परंतु जिल्हा न्यायालयांतील बराचसा व्यवहार तासांवर वा दिवसांवर मोजला जात नसे. दावा दाखल करण्यापासून निकालापर्यंतच्या संपूर्ण कामाची एकच रक्कम ठरत असे. ही उक्ती फी होय. अशिलाच्या दृष्टीने ती सोयीची होती, कारण खर्चाची मर्यादा त्यास आरंभीच कळे. इतिहासकारास मात्र ती अडचणीची आहे. किती रक्कम आली हे ती सांगते. ती कोणाच्या श्रमांनी मिळाली हे सांगत नाही.

अमरावती हे या प्रश्नाच्या अभ्यासास योग्य स्थळ आहे. परकोटाबाहेर राजापेठेच्या बाजूने बडनेऱ्याकडे जाणारा रस्ता शहरास लोहमार्गाच्या मुख्य फाट्याशी जोडतो. कापसाच्या व्यापाराने या शहरास वैभव आणले, आणि त्याबरोबर देण्याघेण्याचे व जमिनीचे तंटेही आणले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील वकीलवर्ग प्रांताच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी होता. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर व मोरोपंत जोशी ही नावे त्याची साक्ष देतात. १८९७ सालचे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, त्यामागे याच वर्गाचे बळ होते.

त्याच वर्षी वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांविषयीचा कायदा झाला. त्याने बाजार समितीच्या देखरेखीखाली आणून दलाल व मापारी यांच्यावर परवान्याचे बंधन घातले. मध्यस्थाचा मोबदला सार्वजनिक नियमाचा विषय होऊ शकतो, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. वकिलाच्या मोबदल्याची वाटचाल नेमकी उलट दिशेने झाली.

१८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टाच्या २८ व्या कलमाने प्लीडर, मुखत्यार व रेव्हेन्यू एजंट यांच्या फीच्या करारास काही अटी घातल्या होत्या. करार लेखी हवा, त्यावर अशिलाची सही हवी आणि तो पंधरा दिवसांच्या आत न्यायालयात दाखल व्हावयास हवा. एरवी तो ग्राह्य नसे. पुढील कलमान्वये अवाजवी वाटलेली रक्कम न्यायालयास कमी करता येत असे. मध्य प्रांत या कायद्याच्या कक्षेत प्रथमपासून होता. वऱ्हाड मात्र निजामाच्या सार्वभौमत्वाखाली राहिल्यामुळे तेथे कायदे स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. म्हणून १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांतास जोडला गेल्यानंतरही कोणते कलम तेथे केव्हा अंमलात आले, हे प्रत्येक बाबतीत पाहणे आवश्यक ठरते.

१९२६ च्या फीविषयक कायद्याने ही दाखल करण्याची पद्धत संपुष्टात आणली. वकील व अशील यांनी खाजगी करार करावा, आणि न मिळालेल्या फीसाठी वकिलास दावा लावता यावा, असे नवे तत्त्व आले. व्यवसायास स्वातंत्र्य मिळाले, परंतु उक्त्या फीचा करार न्यायालयाच्या दप्तरातून वकिलाच्या कपाटात गेला.

दुसऱ्या पक्षाकडून वसूल व्हावयाचा वकिलाचा खर्च न्यायालय हुकूमनाम्यात मांडीत असे, परंतु तो आकडा नियमांनी ठरविलेला असे. प्रत्यक्ष दिलेल्या फीशी तो जुळेलच असे नाही. वकीलपत्रावर दोन-तीन नावे असली तरी कोणी मसुदा केला, कोणी साक्षीदार तपासले आणि कोण केवळ तारखेस उभा राहिला, हे त्यावरून उमगत नाही. अननुभवी वकिलाचे श्रम अशा रीतीने ज्येष्ठाच्या नावाखाली लुप्त होतात.

खापर्डे यांच्या जीवनक्रमावरून प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. ते १९०८ साली टिळकांच्या अपिलाच्या कामी विलायतेस गेले व १९१० साली परतले. पुढे १९११-१२ मध्ये काही महिने शिर्डीस राहिले. उक्ती फी घेतलेला वकील असा दीर्घकाळ बाहेरगावी गेला, तर उरलेले काम कोण करी व त्याच्या वाट्यास काय येई? त्यांनी वर्षानुवर्षे दैनंदिनी लिहिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु दैनंदिनी दिवसाचा क्रम सांगते, खतावणी रकमेचा. दोन्ही एकत्र ठेवल्याखेरीज श्रम आणि मोबदला यांचा संबंध जुळत नाही.

बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलावर अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवण्याचे बंधन घातले, फी व खर्च यांच्या नोंदी निराळ्या करावयास लावल्या, आणि वकील नसलेल्या व्यक्तीशी फीची वाटणी निषिद्ध केली. ही शिस्त अशिलाच्या रक्षणासाठी आहे. सहकारी वकिलांतील वाटणीविषयी ती फारसे बोलत नाही. आज संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयांपुढेही तोच पेच आहे. उक्ती रक्कम अशील आणणाऱ्याच्या नावे मांडावी, काम करणाऱ्याच्या नावे, की आधी ठरलेल्या हिश्श्यांनी? यंत्र बेरीज करील. हिस्सा ठरविणार नाही.

यास्तव फीच्या आकड्यांवरून कोणा वकिलाचे कर्तृत्व मोजणे धोक्याचे आहे. १९२६ पूर्वीचे दाखल करार, वकीलपत्रे, रोजनामे आणि खाजगी वह्या यांची एकाच दाव्यापुरती जरी सांगड घातली, तरी वऱ्हाडच्या न्यायालयांत राबलेली अनेक अनाम माणसे इतिहासात परत येतील.